ब्लोअर घुमतो, पण बुडबुडे नाहीत

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक ताई अचानक कर्ज मागायला आल्या. कशासाठी, तर संडास-बाथरूमच्या टाकीचा ब्लोअर गेला होता. मेकॅनिक म्हणाला होता, "मशीन बाद झालं, नवीन घ्या." परसात कुजक्या अंड्यासारखा वास सुटलेला. आम्ही म्हटलं, कर्ज देऊ, पण आधी मशीन बघू.

ताईंचं घर सिंहगड रोडच्या बाजूला. 2021 मध्ये नांदेड, किरकटवाडी, खडकवासला धरून 23 गावं पुणे महापालिकेत आली. पण गाव शहरात आलं म्हणून दारापर्यंत ड्रेनेज लगेच येत नाही. ताईंनी घर बांधतानाच मैलापाणी शुद्ध करायची छोटी टाकी बसवली. आता गावाकडच्या नव्या घरांतही अशा टाक्या दिसतात, म्हणून आज हा विषय.

या टाकीत घाण खाणारे जिवाणू असतात आणि त्यांना आपल्यासारखीच हवा लागते. ब्लोअर रात्रंदिवस नळीतून तळाशी हवा सोडतो, पाण्याला बुडबुडे येतात. मोठ्या सोसायट्यांचे एसटीपी याच रीतीने चालतात. हवा थांबली की हे जिवाणू मरू लागतात, बिनहवेचे जिवाणू माजतात आणि वास सुटतो. मग अर्धवट घाण पाणी शोषखड्ड्यात, तिथून शेजारच्या बोअरला. 2025 च्या जानेवारीत नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा पहिला संशय दूषित पाण्यावरच गेला होता. त्यामुळे हा फक्त नाक दाबायचा प्रश्न नाही.

आता तपासायचं कसं? आधी साधं बघा: लाइट आहे का, प्लग नीट बसलाय का, एमसीबी पडलाय का, टायमर असेल तर वेळ बिघडलीय का. ताईंचा ब्लोअर चालू होता, नुसता घुमत होता.

मग सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. ब्लोअर बंद करा, क्लिप सैल करून त्याच्या तोंडाची नळी काढा, पुन्हा चालू करा आणि तोंडासमोर तळहात धरा. हवा जोरात लागली तर मशीन ठीक आहे, दोष पुढे आहे. नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावा. फेस फुगला तिथे गळती. गळती नसेल तर टाकीतली हवेची जाळी चोंदली असेल. हवा लागलीच नाही किंवा मंद लागली, तर दोष मशीनमध्ये.

ताईंच्या हाताला हवा जेमतेम लागली. प्लग काढून झाकण उघडलं, तर हवा गाळायचा स्पंज पिठाने पांढराफटक! ब्लोअर घरघंटीशेजारी ठेवला होता. मशीनला श्वास मिळेना, ते तापत गेलं आणि आतला रबरी पडदा फाटला. या लहान ब्लोअरमध्ये पडदा हलतो म्हणूनच हवा ढकलली जाते आणि तो झिजणारच असतो. काही मशीनमध्ये पडदा फाटला की आतलं बटण वीज तोडतं, म्हणून मशीन मेल्यासारखं वाटतं. दुकानात पडद्याचा जोड सुटा मिळतो, नव्या मशीनपेक्षा पुष्कळ स्वस्त. तो वायरमनकडून बसवून घ्या.

स्पंज मात्र महिन्याला आपणच धुवावा आणि पूर्ण वाळवूनच घालावा. ब्लोअर टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी उलटं मशीनमध्ये येतं.

एक गोष्ट कितीही घाई असली तरी करू नका. टाकीत कोणी उतरायचं नाही, वाकून डोकंही घालायचं नाही. आतला वायू आधी वासाची जाणीवच मारतो, मग माणसाला. जाळी साफ करायची असेल तर ती वर ओढून काढा, नाहीतर टँकर बोलवा. सुरक्षेच्या साधनांशिवाय पैसे देऊन माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. बघायला झाकण उघडलं तर पोरं लांब ठेवा, काडी पेटवू नका.

पडदा बदलल्यावर दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन, "वास तर अजून आहे!" जिवाणू पुन्हा वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर संडासात अ‍ॅसिड, फिनेल ओतू नका, तेच जिवाणू मरतात. ताईंनी दम धरला. तिसऱ्या आठवड्यात वास गेला. कर्जाचा अर्ज त्यांनी मागे घेतला आणि घरघंटी आता ओसरीत आहे.