ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर येताय? हे आधी वाचा
अमरावती असो की अकोला, वऱ्हाडीत ब्लॉग लिहिणाऱ्या दोस्तांनो, आधी ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून बॅकअप फाइल उतरवून घ्या. मग वर्डप्रेस डॉट कॉमवर ‘टूल्स’मधल्या ‘इंपोर्ट’मध्ये ब्लॉगर निवडून ती अपलोड करा. पोस्ट आणि कमेंट दोन्ही येतात.

खरी गोम लिंकमध्ये आहे. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर लिंकमध्ये नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ टाकतो. वर्डप्रेस देवनागरी ठेवतं, पण व्हॉट्सॲपवर पाठवली की तिची टक्क्यांच्या खुणांची लांब शेपटी होऊ शकते. म्हणून नव्या पोस्टला ‘स्लग’मध्ये छोटं रोमन नाव द्या.

आणि जुना ब्लॉग डिलीट करू नका. लोकांनी शेअर केलेल्या लिंक तिथंच उघडतात. तिथं शेवटची पोस्ट टाकून नवा पत्ता द्या.