व्हायवाच्या आधीची ती गोळी श्वासाचं काय करते?

गेल्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. व्हायवाच्या दिवशी हात थरथरत होते, म्हणून सीनियरने प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली. धडधड थांबली, पण नंतर तीन मजले चढताना दम लागला. त्याचा प्रश्न: "ही गोळी श्वास कमी करते का?"

आधी एक प्रयोग करा. श्वास रोखून धरा. थोड्या वेळाने आतून जी तगमग सुरू होते, ती ऑक्सिजन संपल्यामुळे नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे असते. मेंदूच्या तळाशी असलेला मेड्युला हा भाग त्यावर सतत लक्ष ठेवून असतो. ऑक्सिजनची खबर देणारे सेन्सर वेगळे, मानेच्या मोठ्या रक्तवाहिनीपाशी, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे.

या यंत्रणेचं मुख्य बटण बीटा रिसेप्टर नाही. म्हणूनच निरोगी माणसाने बीटा ब्लॉकर घेतला, तरी नुसतं बसलेलं असताना त्याच्या श्वासात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो अ‍ॅड्रेनालिनच्या बाबतीत. घाबरल्यावर तेच श्वासालाही थोडं ढकलतं, आणि हा जादाचा धक्का गोळी कमी करते.

मग जिन्यावर काय झालं? माझ्या मते तिथे दोष श्वासाच्या कंट्रोलचा कमी आणि हृदयाचा जास्त. गोळीमुळे हृदयाचे ठोके हवे तेवढे वाढत नाहीत. स्नायूंमधला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांपर्यंत पोचायला उशीर होतो, म्हणून चढायला लागल्यावर श्वासही जरा रेंगाळतच वाढतो. पाय लवकर भरून येतात आणि आपण म्हणतो, "दम लागला."

(जाता जाता: नेमबाजीत ही औषधं बंद आहेत, कारण हात स्थिर राहतो. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सूची दोन पदकं याच प्रोप्रॅनोलॉलपायी गेली.)

आता खरी काळजीची गोष्ट. वरचं सगळं निरोगी माणसाबद्दल झालं. बीटा-१ रिसेप्टर मुख्यतः हृदयात असतात, तर बीटा-२ श्वासनलिकांच्या स्नायूंमध्ये, नळ्या सैल ठेवायला. प्रोप्रॅनोलॉल दोन्ही अडवतं. तुमच्या-माझ्या नळ्यांना सहसा ते जाणवतही नाही. दमा असलेल्याच्या नळ्या मात्र एकदम आवळू शकतात. आणि गंमत नाही हं, अशा वेळी आपण जो सॅल्ब्युटामॉलचा पंप मारतो, तोही याच बीटा-२ वर काम करतो. दारच अडवलेलं, मग पंपाचा असर कमी.

त्या श्रोत्याला मी उलट विचारलं, "लहानपणी छातीत घरघर व्हायची का रे?" तो म्हणाला, "आईला विचारतो." सीनियरने हे विचारलंच नव्हतं. डॉक्टर चिठ्ठी लिहायच्या आधी हेच विचारतात.