गुहेतील रातकिड्यांची ओळख

शेतातील रातकिडा दिसण्यापूर्वी ऐकू येतो. नर आपले पुढील पंख एकमेकांवर घासून आवाज काढतो. त्या आवाजाचा ताल जातीगणिक निराळा असल्याने जाणकारास नुसत्या कानाने जात ओळखता येते. रॅफिडोफोरिडी या कुलातील गुहेतील रातकिड्यांना मात्र पंखच नसतात. पंखांचे गाणे त्यांना ठाऊक नाही. मग परस्परांसारख्या दिसणाऱ्या त्यांच्या जाती कशा ओळखाव्यात?

पिरेनीज पर्वतापासून कॉकेशसपर्यंत, भूमध्य समुद्राच्या उत्तरेकडील गुहांत डॉलिकोपोडा या प्रजातीच्या पन्नासाहून अधिक जाती आढळतात. लांब पाय, शरीराहून कितीतरी लांब स्पर्शिका आणि फिकट तपकिरी रंग ही लक्षणे साऱ्यांत समान आहेत. वयाप्रमाणे रंग पालटतो. अन्नाप्रमाणे आकार कमीअधिक होतो. म्हणून या खुणांवर विसंबता येत नाही.

निर्णायक खूण पूर्ण वाढ झालेल्या नराच्या उदराच्या टोकाशी असते. त्याच्या जननेंद्रियावर एपिफॅलस नावाची लहान, कठीण पट्टिका असते. तिच्या मधल्या उंचवट्याचा आकार जातीनुसार भिन्न असतो. उदराच्या दहाव्या खंडावरील पट्टिकाही तपासतात. मद्यार्कात जतन केलेल्या नराचा हा भाग अलग करून पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. मऊ ऊती विरघळतात व कठीण भाग उरतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली वरून व बाजूने पाहून त्यांची चित्रे काढतात आणि संग्रहालयातील मूळ नमुन्यांशी ताडतात. पाहण्याचा कोन बदलला तरी आकार निराळा भासतो. म्हणून नुसत्या एका चित्रावरून निर्णय देत नाहीत.

हा भाग इतका भिन्न का असावा? फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लेऑं द्युफूर यांनी 1844 मध्ये कुलूपकिल्लीचा दृष्टांत दिला: प्रत्येक जातीची किल्ली तिच्याच कुलपास लागते. पुढे 1861 मध्ये पिरेनीजमधील डॉलिकोपोडा लिंडेरी या जातीचे वर्णनही त्यांनीच केले. 1985 मध्ये विल्यम एबरहार्ड यांनी मादीची निवड हे कारण अधिक महत्त्वाचे मानले. कारणाविषयी मतभेद असले, तरी ओळखीसाठी खूण उपयोगी पडतेच. आता तिच्या जोडीस डीएनएची तपासणीही करतात.

या पद्धतीस मर्यादा आहे. पिल्लांत हे भाग पुरते घडलेले नसतात, आणि नुसत्या मादीवरून निर्णय करणे अनेकदा कठीण जाते. घाईने नाव दिल्यास मोठी हानी संभवते. काही जाती मोजक्याच गुहांत राहतात. अशी जात सर्वत्र आढळणारी म्हणून नोंदली गेली आणि तिची गुहा खाणीखाली गेली, तर काय नष्ट झाले हे कोणासही कळणार नाही.

शाळेत हा पाठ शेतातील रातकिड्यांवरून घेता येईल. मादीच्या मागे सुईसारखा लांब अंडनिक्षेपक असतो, नराला तो नसतो. हा भेद मुलांना सहज दाखविता येतो. किडे पाहून झाल्यावर सोडून द्यावेत. वहीत तारीख, स्थळ, नर की मादी व लहान की पूर्ण वाढलेला, एवढे लिहून घ्यावे. नावाची खात्री नसल्यास "जात अनिश्चित" असे लिहावयास मुलांना शिकवावे. तशी नोंद पुढे तज्ज्ञास उपयोगी पडते. चुकीचे नाव मात्र त्याची दिशाभूल करते.