शून्याचीही नोंद

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं चुडावा हे परभणी जिल्ह्यातल्या महसूल मंडळाचं गाव. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला, की सरकारदरबारी अतिवृष्टी ठरते. त्यामुळे मिलिमीटर हा शब्द इथल्या पोरांच्या कानावर शाळेआधी घरातच पडतो, सोयाबीन-कपाशीच्या पंचनाम्यांच्या निमित्ताने. पाऊस त्यांनी स्वतः मोजावा, या विचाराला मात्र बराच काळ लागला.

१९७२ साली मराठवाडा दुष्काळात होरपळत असताना परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. तिथे हवामान मोजलं जाई; गावात मृगाचं वाहन यंदा बेडूक की गाढव, हे पंचांगात पाहिलं जाई. शाळेतला पर्जन्यमापक फळ्यावरच्या आकृतीत राहिला. त्याच वर्षी मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांतून प्रयोगातून विज्ञान शिकवणं सुरू झालं. पुण्याच्या टेल्कोतले अभियंता अरविंद गुप्ता १९७८मध्ये रजा घेऊन तिकडे गेले. पुढे २००३पासून पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या विज्ञान शोधिकेतून त्यांची टाकाऊ वस्तूंची खेळणी मराठी शाळांपर्यंत पोचली.

पर्जन्यमापकही असाच टाकाऊतून होतो. सरळ भिंतींची प्लास्टिकची बाटली वरून कापायची, कापलेलं तोंड उलटं बसवून नरसाळं करायचं. बुडाला खडे टाकून वर रेघेपर्यंत पाणी भरायचं. ती रेघ म्हणजे शून्य. झाडा-भिंतींपासून दूर, उघड्यावर ठेवायची आणि रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्याच वेळेला, पट्टी लावायची. बाटली जाड असो की बारीक, आकडा तोच येतो. गणितही इथेच शिकवता येतं: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. ६५ मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर.

२०१४ आणि २०१५साठी राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा विषयच हवामान होता. मराठवाड्यात नेमकी तीच दोन वर्षं दुष्काळाची. अशा विषयासाठी काचेच्या बरणीत कोमट पाणी, उदबत्तीचा धूर आणि वर बर्फ ठेवून केलेला ढग तासाभरात संपतो. कोरड्या पावसाळ्यातली बाटली रोज पाहावी लागते आणि रोज शून्य लिहावं लागतं. वहीतली कोरी जागा म्हणजे कुणी पाहिलंच नाही. शून्य म्हणजे पाहिलं, पडला नाही. पावसाचा खंड किती दिवसांचा, हे त्या शून्यांवरूनच कळतं.

२०१७पासून ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं मंडळांच्या ठिकाणी आली. सप्टेंबर २०२४च्या सुरुवातीला परभणी जिल्हा अतिवृष्टीत बुडाला, अशा वेळी केंद्रांच्या आकड्यांवर वाद होऊ शकतात. एका शिवारात धो धो, पलीकडे नुसता शिडकावा, हे तर नेहमीचंच. शाळेच्या बाटलीवर पंचनामा होणार नाही. पण तिचा आकडा केंद्रापेक्षा वेगळा आला, तर बाटली झाडाखाली होती का, नोंद उशिरा झाली का, की पाऊसच वेगळा पडला, हे मुलं तपासू शकतात. भरपाईच्या आकड्याबद्दल असे नेमके प्रश्न विचारणारी पिढी गावाला हवीच आहे.