बोंबलाचा वास आणि समुद्राचा तळ



आपल्या फलटणच्या बाजारात सुक्या बोंबलांची पाटी कुठे मांडली आहे हे कोणाला विचारावे लागत नाही. नाकच वाट दाखविते. बोंबील काही अथांग पाण्यातला मासा नव्हे. पण अथांग पाण्यातला मासा दाबाने का मरत नाही, याचे निम्मे उत्तर त्या वासात आहे.

आधी हिशेब. समुद्रात दर १० मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. ८,००० मीटरांवर करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर ८०० किलोंहून अधिक भार येतो. शंभर किलोचे एक पोते घेताना हमालाचा कणा वाकतो. इथे नखावर आठ पोती!

माझी शाळा लवकर सुटली. दाब म्हणजे काय, हे मला साखर कारखान्यातल्या बॉयलरवरच्या माणसांनी शिकविले. बॉयलर फुटतो तो आतल्या-बाहेरच्या दाबांतील फरकाने. माणूस खोल जाताना हवेची पोकळी बरोबर नेतो, म्हणून त्याला भिंत लागते. आपल्या देशाच्या 'मत्स्य ६०००' या पाणबुडीसाठी टायटॅनियमचा ८० मिलिमीटर जाडीचा गोल योजला आहे. खऱ्या मत्स्याला कवच नाही. अतिखोल पाण्यातल्या स्नेलफिशची हाडे मऊ, अंग लिबलिबीत, पोटात हवेची पिशवीच नाही. आत पाणी, बाहेर पाणी, चिरडायचे काय?

कामगारांच्या सभांत मी हा दाखला वर्षानुवर्षे दिला: आत तेवढाच दाब ठेवा, बाहेरचा तुम्हांला चिरडू शकत नाही. दाखला बरा होता, शास्त्र अर्धे होते.

कारण दाब पेशींतल्या प्रथिनांना गाठतो. प्रथिन आपल्या ठराविक घडीत असते तोवरच काम करते. प्रचंड दाबाखाली पाणी त्या घडीत घुसते, घडी विसकटते आणि काम थांबते. माशाच्या अंगातले ट्रायमेथिलअमाईन ऑक्साइड नावाचे द्रव्य भोवतालच्या पाण्याला धरून ठेवते आणि घडी सावरते. मासा जितका खोल, तितके हे द्रव्य अधिक. मासा मेला की जंतू त्याचे ट्रायमेथिलअमाईन करतात, आणि बाजारातला तो वास मुख्यतः त्याचाच. नीरेच्या माशाला तसा वास येत नाही. त्याच्या अंगात हे द्रव्य फारच थोडे.

मग मासा कितीही खोल का जात नाही? त्याचे रक्त समुद्रापेक्षा कमी खारट असते. द्रव्य वाढवीत गेले की अंगातला रस दाट होत होत समुद्राच्या बरोबरीला येतो. त्यापुढे बाहेरचे पाणी अंगात शिरू लागेल. पॉल यान्सी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ही हद्द सुमारे ८,२०० मीटरांवर मांडली. २०२२ साली जपानजवळच्या गर्तेत कॅमेऱ्याने सर्वांत खोल मासा टिपला, तो ८,३३६ मीटरांवर. माशाच्या रक्तावरून काढलेला अंदाज इतका जवळ यावा, याचे मला अजून नवल वाटते.

मारियाना गर्तेचा तळ याहून अडीच किलोमीटर खाली आहे. तिथे कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव सापडतात. मासा नाही.