कच्चं खा, पण एन्झाइमची गोष्ट सांगू नका

अंगतपंगतीला कुणी व्हीगन जेवणाचा बेत काढला की पानं वाढून होण्याआधीच एक वाक्य ठरलेलं असतं. "कच्चं खायचं बरं का, त्यात जिवंत एन्झाइम असतात. शिजवलं की अन्न मरतं." बोलणारी व्यक्ती बदलते. कधी योगवर्गातल्या काकू, कधी कुणाचा नुकताच निसर्गोपचार शिबिरातून परतलेला जावई. वाक्य मात्र तेच. त्यापाठोपाठ पंगतीतल्या निम्म्या लोकांना आपल्या ताटातली आमटी एकदम मृत वाटू लागते.

मला कच्चं खायला आवडतं. दूध, दही, तूप, मध न वापरता चार माणसांचं जेवण करायला तर फारच आवडतं. म्हणूनच हे वाक्य जास्त टोचतं. चांगल्या जेवणाला खोट्या शिफारसपत्राची गरज कशाला?

आधी ही गोष्ट आली कुठून ते पाहू. एडवर्ड हॉवेल नावाच्या अमेरिकी वैद्यांनी विसाव्या शतकात असा सिद्धांत मांडला, की माणूस जन्माला येताना एन्झाइमचा ठरावीक साठा घेऊन येतो. शिजवलेलं अन्न पचवताना तो साठा खर्च होतो आणि कच्चं खाल्लं की वाचतो. 'एन्झाइम न्यूट्रिशन' हे त्यांचं पुस्तक १९८५ साली आलं आणि आजही कच्चाहारवाल्यांच्या शिबिरांत फिरतं. अडचण एवढीच, की शरीरात असा कुठला साठा नसतो. आपलं स्वादुपिंड दिवसाला लिटर-दीड लिटर पाचक रस तयार करतं, तोही रोज ताजा. आज जेवलात म्हणून उद्याचे एन्झाइम कमी पडत नाहीत.

आता पोटात काय होतं ते. एन्झाइम म्हणजे प्रथिनं. जठरातलं आम्ल लिंबाच्या रसाच्या तोडीचं, रिकाम्या पोटी त्याहूनही तीव्र. त्यात बहुतेक प्रथिनांची घडी उलगडते. मग पेप्सिन आणि पुढे लहान आतड्यातले एन्झाइम त्यांचे तुकडे करतात. गाजरातला एन्झाइम आणि मुगातलं प्रथिन यांत जठर काही फरक करत नाही. दोन्ही पचतात. म्हणजे ज्यांनी तुम्हाला पचवायला मदत करायची, तेच पचून जातात. अननस-पपईतल्यासारखे काही चिवट एन्झाइम थोडा वेळ तग धरतात, पण तेवढ्यावरून "शिजवलेलं अन्न मृत" असं म्हणता येत नाही.

आणि मुळात ते एन्झाइम होते कुणासाठी? पालकाच्या पानात सर्वांत मुबलक असलेला एन्झाइम म्हणजे रुबिस्को. त्याचं काम हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखर बनवायला सुरुवात करून देणं. तो पोटात जाऊन काय करणार? तुमच्या जठरात प्रकाशसंश्लेषण करायचं असेल तर गोष्ट वेगळी. वनस्पतीनं आपले एन्झाइम स्वतःच्या कामासाठी केलेले असतात. आपलं वरण पचावं म्हणून नव्हे.

एन्झाइम काम करताना प्रत्यक्ष पाहायचा असेल तर शिबिराची फी भरू नका, मोहरी फेसा. मोहरी पाण्यात वाटून फेसली की झणका थेट नाकात जातो. मोहरीत तिखटपणाचा कच्चा माल आणि त्याला तिखट करणारा मायरोसिनेज हा एन्झाइम वेगवेगळे ठेवलेले असतात. दाणा चिरडला आणि पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते. तीच मोहरी गरम तेलात तडतडवली तर झणका येत नाही, नुसता खमंगपणा येतो, कारण उष्णतेनं एन्झाइम निकामी झालेला असतो. आपल्या आज्यांना हे नाव माहीत नव्हतं, पण लोणच्याला फेसलेली मोहरी आणि आमटीला तडतडलेली, हा फरक त्यांना पक्का ठाऊक होता. लक्षात घ्या, हा एन्झाइम काम करतो तो पाट्यावर, वाटीत. पोटात जाण्याआधी. आणि मोहरीच्या रोपानं तो ठेवलाय तो आपल्याला कुरतडणाऱ्याला पळवून लावण्यासाठी. आपण त्यातही चव शोधली, हा आपला चिवटपणा.

इथेच कच्चाहारवाल्यांना त्यांचा वाटा द्यायला हवा. लसूण ठेचल्यावर त्यातलं ॲलिसिन एन्झाइममुळेच तयार होतं. कोबी, मुळा, नवलकोल यांतही मोहरीसारखाच प्रकार असतो. म्हणून लसूण ठेचून किंवा कोबी चिरून दहाएक मिनिटं ठेवावा आणि मग शिजवावा, यात तथ्य आहे. क जीवनसत्त्व उष्णतेनं आणि पाण्यात विरघळून कमी होतं, हेही खरं. कोथिंबीर, लिंबू, पेरू, आवळा कच्चे खाण्याची कारणं भरपूर आहेत. पण दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २००२ साली टोमॅटो ८८ अंशांवर तापवून मोजमाप केलं गेलं. अर्ध्या तासानंतर क जीवनसत्त्व २९ टक्क्यांनी घटलं होतं, पण शरीराला उपयोगी पडणारं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य कच्च्या टोमॅटोच्या अडीचपटीहून जास्त झालं होतं. म्हणजे टोमॅटोचं सारही चांगलं आणि टोमॅटोची कोशिंबीरही. हा निष्कर्ष फारच मिळमिळीत आहे, म्हणून त्याचे संदेश फिरत नाहीत.

मग ती प्रसिद्ध मर्यादा. कुणी ४२ अंश म्हणतं, कुणी ४८. त्यावर गेलं की अन्न 'मेलं'. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथल्या बाजारात उन्हात ठेवलेली टोमॅटोची पाटी मग कच्ची म्हणायची की शिजलेली? याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. काजूंचं तर आणखी गमतीचं. काजू भिजवून वाटून केलेलं 'रॉ चीज' मोठ्या अभिमानानं वाढलं जातं, पण दुकानात मिळणारा काजू टरफलातलं जळजळीत तेल टाळण्यासाठी बहुधा वाफवून किंवा भाजूनच फोडलेला असतो. खरा कच्चा काजू म्हणजे कोकणातले ओले काजूगर. ते सोलणाऱ्या बाईच्या बोटांची सालं निघतात, म्हणून त्यांचा भाव तसा असतो. आणि एवढं करून कोकणात त्यांची करतात ती उसळ. शिजवून!

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पण "शिजवणं वाईट" हे डोक्यात पक्कं बसलं की माणसं नको ते कच्चं खाऊ लागतात. राजमा हे ठळक उदाहरण. त्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं. कच्चे किंवा नुसते भिजवलेले चार-पाच दाणे खाल्ले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं दिलेला आहे. राजमा भिजवावा, ते पाणी ओतून टाकावं आणि ताज्या पाण्यात खदखदून शिजवावा. मंद आचेवर नुसता कोमट ठेवलेला राजमा तर कच्च्यापेक्षाही त्रास देऊ शकतो. 'मोड आलेल्या राजम्याचं सॅलड' कुणी पुढे केलं तर नम्रपणे पान सरकवा.

मोड आलेली कडधान्यं हा आपला अभिमानाचा विषय, म्हणून हेही जरा सविस्तर. २०११ साली जर्मनीत ई-कोलाय जिवाणूच्या साथीत सुमारे चार हजार लोक आजारी पडले, पन्नासाहून अधिक दगावले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं माग काढला तेव्हा संशय येऊन थांबला तो मोड आलेल्या मेथीपाशी. मोड यायला ऊब आणि ओल लागते, जिवाणूंनाही तेच लागतं. आपल्याकडे मटकीची उसळ होते, कच्ची मटकी कोशिंबिरीत मूठभरच पडते, ही रीत उगाच नाही. घरात म्हातारी माणसं, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर मोड वाफवूनच द्यावेत.

दुधीच्या रसाचंही तेच. तो कच्चाच प्यायचा असतो, त्यातच गुण असतो, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. दुधी कडू निघाला तर त्यातली कुकर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्यं जिवावर बेततात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं अशा प्रकरणांचा अभ्यास करून २०१२ साली स्पष्ट सांगितलं, की आधी लहानसा तुकडा चाखा, कडू लागला तर दुधी फेकून द्या. कडू दुधी शिजवूनही सुधारत नाही. औषध म्हणून कडू रस नाक दाबून पिणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि जे लोक वर्षानुवर्षं जवळजवळ सगळंच कच्चं खातात त्यांचं काय होतं, हे तपासलेलं आहे. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ साली पाचशेहून अधिक कच्चाहारी लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. वजन फार उतरलं की शरीर असा खर्च आधी बंद करतं. त्याच गटातल्या संशोधकांनी २००५ साली दोनशे कच्चाहारींच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोलेस्टेरॉल छान कमी होतं, पण ३८ टक्के लोकांत बी-१२ ची कमतरता होती. जेवणात दोन कोशिंबिरी वाढवणं वेगळं आणि चूल कायमची विझवणं वेगळं.

बी-१२ चा विषय निघालाच आहे तर दुसरा गैरसमज. "स्पिरुलिनातून मिळतं की. इडलीतून मिळतं. भाज्या फार धुऊ नका, मातीतून मिळतं." नाही मिळत. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी तोतया बी-१२, शरीराला निरुपयोगी. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी व्हीगन सोसायटी काढली १९४४ साली, आणि बी-१२ वेगळं करून ओळखलं गेलं १९४८ साली. म्हणजे पहिल्या व्हीगनांना आपल्याला काय कमी पडणार हे कळायला वावच नव्हता. आपल्याला आहे. गोळी घ्या, डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा, आणि विषय संपवा. "आम्ही दूध पितो, आम्हाला नको" म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचाच दाखला: केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं. ही मंडळी व्हीगन नव्हती.

बाकीचे किरकोळ. "एकाच जेवणात डाळ-भात एकत्र नसेल तर प्रथिन फुकट जातं": दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरे. हा समज लोकप्रिय करणाऱ्या फ्रान्सिस मूर लापे यांनी स्वतःच १९७१ च्या आपल्या पुस्तकातली ही गोष्ट १९८१ च्या आवृत्तीत दुरुस्त केली. "दूध सोडलं की हाडं गेली": राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास. शोषण थोडं कमी धरलं तरी दोन नाचणीच्या भाकऱ्या फार मागे राहत नाहीत, वर तिळाची चटणी आहेच. "कोबीतला किडा मेंदूत जातो": किडा नव्हे. माणसाच्या विष्ठेतून आलेली फीतकृमीची अंडी. ती कुठल्याही न धुतलेल्या भाजीवर असू शकतात, बिचाऱ्या कोबीला एकट्याला बदनाम करू नका आणि सगळंच नीट धुवा. "कच्चाहारानं मधुमेह जातो, गोळ्या बंद करा": असं सांगणाऱ्याच्या पंगतीला जाऊ नका.

राहिला शेवटचा, घरोघरचा. "व्हीगन म्हणजे ॲव्होकॅडो आणि बदामाचं दूध. आपल्याकडे पाहुण्यांना काय वाढणार?" हे ज्या घरात म्हटलं जातं तिथल्या पानाची डावी बाजू बघावी. मीठ, लिंबू, शेंगदाण्याची चटणी, काकडीची खमंग कोशिंबीर. चैत्रात आंबेडाळ, म्हणजे भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून त्यात कैरीचा कीस. खानदेश-विदर्भाकडे कोवळ्या मेथीचा किंवा कांद्याच्या पातीचा घोळाणा: पाला चिरायचा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ, वरून कच्चं तेल. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, नारळाच्या रसातले शिरवाळे. यात कुठेही दुधाचा थेंब नाही, आणि कुणालाही 'डाएट' वाटत नाही. फसतं ते नक्कल करायला गेल्यावर. काजूचं श्रीखंड आजेसासूबाईंपुढे ठेवलंत तर त्या त्याची खऱ्या श्रीखंडाशी तुलना करणारच आणि निकाल तुमच्याविरुद्धच लागणार. त्यापेक्षा शिरवाळे वाढा, त्यांना माहेर आठवेल.

आधी सांगून ठेवायच्या गोष्टी दोनच: फोडणी तुपाची नको आणि कोशिंबिरीत दही नको. फोडणी घातली म्हणून कोशिंबीर कच्ची राहिली नाही, असं म्हणणारा एखादा असतोच. त्याला बिनफोडणीची वाटी आधी काढून द्यावी, वाद घालू नये. ताक मागणाऱ्यांना सोलकढी द्यावी. ती सगळ्यांत आधी संपते, तेव्हा नारळ दोन जास्तच आणावेत.