मुक्या जिवांचे डॉक्टर

बालमित्रांनो, बरं वाटेनासं झालं की आपण आईला सांगतो, "डोकं दुखतंय." पण गोठ्यातली गाय कुणाला सांगणार? ती वैरण सोडते, रवंथ थांबवते, कान पाडून उभी राहते. या खुणा वाचतो तो पशुवैद्य!

शेळी दगावली की घरातले वह्या-पुस्तकांचे पैसे गेले, हे आपल्या चांदवड तालुक्यातल्या मुलांना वेगळे सांगायला नको. पूर्वी बुळकांडीच्या साथीत गोठेच्या गोठे रिकामे होत. पशुवैद्यांनी गावोगाव लस टोचली आणि २०११ साली हा रोग जगातूनच संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग! लाळ्या-खुरकूत आणि लम्पीशी लढाई मात्र अजून चालू आहे. तिथे तुम्ही हवे आहात.

त्यासाठी काय करायचे? बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घ्यायचे, 'नीट' परीक्षा द्यायची. पुढे साडेपाच वर्षांचे शिक्षण. त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथेही महाविद्यालये आहेत.

पालकहो, "मुलीला हे झेपेल का?" असे म्हणू नका. अडलेली गाय सोडवायला नुसती ताकद पुरत नाही. ज्ञान आणि धीर लागतो.

आणि मुलांनो, बारावीची वाट कशाला पाहता? आपली शेळी कधी, किती वेळ रवंथ करते ते आठवडाभर वहीत टिपून ठेवा. निरीक्षण हाच या विद्येचा पहिला धडा!